सीमाभागातील बालविवाह कायद्याने कसा रोखावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीपासून अथणी-कागवाडपर्यंतच्या पट्ट्यात सोयरीक जुळवताना राज्याची सीमा कोणी विचारात घेत नाही. मुलगी खानापूर तालुक्यातील, मुलगा चंदगडचा, मुलीचा मामा गडहिंग्लजला आणि मंगल कार्यालय कोल्हापुरात, अशी लग्ने येथे नित्याची आहेत आणि त्यात वावगे काही नाही. परंतु मुलगी अल्पवयीन असते तेव्हा याच सोयीचा उपयोग कायदा चुकवण्यासाठी केला जातो. गावात कुणकुण लागली, अंगणवाडी सेविकेने विचारणा केली किंवा पोलीस घरी येऊन गेले, की मुहूर्त बदलतो, ठिकाण बदलते आणि दोन दिवसांनी अक्षता पलीकडच्या एखाद्या देवळात पडतात.

हे मार्गदर्शन अशा लग्नाची माहिती असलेल्या शेजाऱ्यांसाठी, शिक्षकांसाठी, नातेवाइकांसाठी आणि मुख्यतः त्या मुलीसाठी आहे. बहुतेक जण लग्नाच्या दिवशी मांडवात पोलीस बोलावण्याचा विचार करतात. तो मार्ग आहेच, पण सीमेलगतच्या गावात तो एकमेव मार्ग म्हणून धरून बसू नये. लग्नाआधी न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाईहुकूम मिळवणे हा अधिक खात्रीचा उपाय आहे, कारण त्या हुकुमाचा परिणाम अक्षता कर्नाटकात पडोत की महाराष्ट्रात, सारखाच राहतो. हे कसे, ते पुढे सविस्तर दिले आहे.

कायदा काय सांगतो

बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ हा कायदा १ नोव्हेंबर २००७ पासून लागू आहे. मुलीचे वय १८ वर्षांपेक्षा कमी किंवा मुलाचे वय २१ वर्षांपेक्षा कमी असेल, तर तो बालविवाह होय. दोघांपैकी एकच अल्पवयीन असला तरी पुरे. मुलगी १९ वर्षांची आणि मुलगा २० वर्षांचा असेल तरीही तो विवाह या व्याख्येत बसतो, हे सुशिक्षित घरांतही पुष्कळांना ठाऊक नसते. ‘पुढच्या महिन्यात तिला अठरा पूर्ण होतातच’ या सबबीलाही कायद्यात स्थान नाही.

अल्पवयीन मुलीशी लग्न करणारा १८ वर्षांवरील पुरुष, लग्न लावणारा, ते पार पाडणारा किंवा त्यास साहाय्य करणारा आणि ते होऊ देणारे आईवडील किंवा पालक या सर्वांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लग्नास हजर राहून त्यात भाग घेणेही कलम ११ मध्ये येते. स्त्रियांना मात्र या कलमाखाली कारावासाची शिक्षा देता येत नाही. मुलीचे लग्न झालेच, तर ज्याच्या ताब्यात ती होती त्याने ते रोखण्यात हयगय केली असे न्यायालय गृहीत धरते आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्यामुळे पोलिसांना कारवाईसाठी न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

आता सीमाभागातील वाचकाने नीट लक्षात घ्यावा असा फरक. मूळ केंद्रीय कायद्यानुसार बालविवाह आपोआप रद्द होत नाही. तो रद्द करून घेण्याचा हक्क अल्पवयीन असलेल्या वधूला किंवा वराला असतो आणि त्यासाठी न्यायालयात जावे लागते. कर्नाटकाने मात्र या कायद्यात दुरुस्ती करून कलम ३ मध्ये पोटकलम (१क) घातले. राष्ट्रपतींनी २० एप्रिल २०१७ रोजी तिला संमती दिली आणि ती अमलात आल्यापासून येथे झालेला प्रत्येक बालविवाह मुळातच अवैध ठरतो. महाराष्ट्रात अशी दुरुस्ती नाही. म्हणजे एकच मुलगी, एकच वर आणि तेच वऱ्हाड असले, तरी लग्न निपाणीत लागले तर ते कायद्याच्या दृष्टीने लग्नच नव्हे आणि कागलला लागले तर ते रद्द होईपर्यंत टिकून राहते. मांडव पलीकडे नेणाऱ्यांना हा बारकावा माहीत असतोच असे नाही, पण त्याचा फायदा त्यांना मिळतो. मनाईहुकुमाचे महत्त्व त्यामुळेच वाढते.

आधी वयाचा पुरावा हाती घ्यावा

तक्रार टिकते की नाही हे बहुतांशी वयाच्या पुराव्यावर अवलंबून असते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ मध्ये त्याचा क्रम दिलेला आहे. प्रथम शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा एसएसएलसीसारखे (कर्नाटकातील दहावीचे) परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र. ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आणि यांपैकी काहीच नसेल तरच हाडांच्या तपासणीवरून वय ठरवणारी वैद्यकीय चाचणी. आधार कार्ड या क्रमात कोठेही नाही. लग्नघरी अधिकारी पोहोचल्यावर बहुधा आधार कार्डच पुढे केले जाते, आणि अलीकडेच जन्मतारीख बदलून घेतलेले कार्डही दाखवले जाऊ शकते. त्या वेळी शाळेच्या नोंदीतील तारीख हाती असेल तर वादाला जागा राहत नाही.

त्रयस्थ व्यक्तीला शाळेचा दाखला सहसा मिळत नाही आणि तो मिळवण्यासाठी धडपडण्याचेही कारण नाही. मुलगी कोणत्या शाळेत कोणत्या वर्षी कितवीत होती एवढे सांगितले तरी अधिकाऱ्यांना नोंद मागवता येते. शिक्षकांनी मात्र एक करावे: सातवी-आठवीतील मुलगी अचानक येईनाशी झाली आणि घरचे ‘आजोळी गेली आहे’ असे सांगू लागले, की तिच्या जन्मतारखेची नोंद काढून मुख्याध्यापकांच्या सहीनिशी जपून ठेवावी. गावातील मराठी शाळा सातवी-आठवीपर्यंतच असेल, तर मुलीचे शिक्षण तुटण्याचा आणि सुपारी फुटण्याचा काळ पुष्कळदा एकच असतो.

कोणाला आणि कसे कळवावे

१०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहे. तातडीच्या वेळी ११२ आणि महिला हेल्पलाइनसाठी १८१ क्रमांक आहे. फोनवर आपले नाव सांगण्याची सक्ती नसते. बोलण्यास सुरुवात करतानाच जिल्हा, तालुका आणि गाव यांची नावे सांगावीत आणि लग्न दुसऱ्या राज्यात होण्याची शक्यता असेल तर तेही त्याच वाक्यात सांगावे. ‘आमच्या गावात एका लहान मुलीचे लग्न आहे’ एवढ्या माहितीवर काही होत नाही. मुलीचे आणि वडिलांचे नाव, घर कोठे आहे, शाळा कोणती, वर कोणत्या गावचा, साखरपुडा झाला आहे का, मुहूर्त कधीचा आहे आणि पत्रिका छापली आहे का, हे आधी कागदावर लिहून मगच फोन करावा. पत्रिकेचा फोटो असेल तर उत्तम. तथापि हल्ली अशा लग्नांच्या पत्रिका छापतच नाहीत. पाहुण्यांना फोनवरून निरोप जातात, आणि तसा निरोप मिळालेला कोणी साक्ष देण्यास तयार असेल तर ते पत्रिकेपेक्षाही मोलाचे असते.

कर्नाटकात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून अनेक खात्यांतील अधिकारी नेमलेले आहेत. सामान्य माणसाने महिला व बालविकास खात्याचे तालुक्यातील बालविकास प्रकल्प अधिकारी म्हणजे सीडीपीओ, तहसीलदार किंवा ग्रामपंचायतीचे पंचायत विकास अधिकारी म्हणजे पीडीओ यांच्याकडे जावे. सीमेपलीकडे महाराष्ट्रात गावपातळीवर हे काम ग्रामसेवकांकडे असते. लग्न पलीकडे हलवले जाईल अशी शंका असेल तर दोन्हीकडे कळवावे. एकीकडे दिलेला अर्ज आपोआप दुसरीकडे पोहोचेल असे समजून थांबू नये, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये.

पोलीस ठाण्यात तक्रार तोंडी सांगितली तरी ती लिहून घेऊन वाचून दाखवणे बंधनकारक आहे आणि नोंदवलेल्या माहितीची प्रत विनामूल्य मिळते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, घटना कोणत्या ठाण्याच्या हद्दीत घडली हे न पाहता दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही, पलीकडे जा’ असे उत्तर मिळाल्यास या कलमाचा नम्रपणे पण स्पष्टपणे उल्लेख करावा. ठाण्यातील लेखन कन्नडमध्ये होते. ज्यांना कन्नड वाचता येत नाही त्यांनी वाचू शकणारी व्यक्ती सोबत न्यावी आणि मजकुराचा अर्थ मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नये. भाषेचा अभिमान ज्याने त्याने जरूर बाळगावा, पण मुहूर्त दोन दिवसांवर आला असता अर्ज कोणत्या भाषेत घ्यावा यावर ठाण्यात वाद घालत बसणे त्या मुलीच्या कामाचे नाही.

मनाईहुकूम कसा मिळवावा

अधिकारी घरी येतात, समजूत घालतात आणि १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असे हमीपत्र आईवडिलांकडून लिहून घेतात, असा सर्वसाधारण प्रघात आहे. अनेक कुटुंबे ते पाळतात. पण हमीपत्र हा न्यायालयाचा हुकूम नव्हे, आणि ज्यांना लग्न करायचेच आहे त्यांच्यासाठी ते एका दिवसाची अडचण ठरते. कुटुंबाने आधीच एकदा ठिकाण बदलले असेल, वरपक्ष दुसऱ्या राज्यातील असेल किंवा मुलीला घराबाहेर पडू देत नसतील, तर हमीपत्रावर समाधान मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बालविवाह ठरला आहे किंवा होण्याच्या बेतात आहे अशी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची खात्री झाली, तर कलम १३ नुसार ते मनाईहुकूम देतात. त्यासाठी प्रतिबंधक अधिकाऱ्यांनी अर्ज करावा हे सर्वांत सोयीचे. पण त्यांच्यावाचून अडण्याचे कारण नाही. ज्याला या लग्नाची प्रत्यक्ष माहिती आहे किंवा ते होणार असे मानण्यास ज्याच्याकडे कारण आहे, अशी कोणतीही व्यक्ती तक्रार करू शकते, तसेच माहिती असलेली स्वयंसेवी संस्थाही करू शकते. एरवी समोरच्या पक्षाला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे लागते, परंतु निकड असेल तर नोटिशीवाचून अंतरिम हुकूम देण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांना आहे. म्हणून अर्जात मुहूर्ताची तारीख ठळकपणे लिहून अंतरिम हुकुमाची मागणी वेगळ्या परिच्छेदात करावी.

हुकूम मोडून लग्न लावणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु त्याहून मोठी गोष्ट कलम १४ मध्ये आहे: अंतरिम असो वा अंतिम, मनाईहुकूम मोडून झालेला बालविवाह मुळातच अवैध असतो. हे कलम केंद्रीय कायद्यातील असल्यामुळे चंदगडला किंवा मिरजेला लागलेल्या लग्नालाही लागू पडते. अशा रीतीने, कर्नाटकाच्या दुरुस्तीने सीमेच्या अलीकडे जे संरक्षण दिले आहे ते एका हुकुमाने पलीकडेही मिळते.

अर्जाचा मजकूर साधारण पुढीलप्रमाणे असावा. प्रथम तो मराठीत नीट मांडून घ्यावा आणि मग वकिलाकडून किंवा जाणकाराकडून न्यायालयात चालेल अशा भाषेत करून घ्यावा.

‘अर्जदार (नाव, वय, गाव, तालुका) याची विनंती की, (मुलीचे नाव), वय (इतके) वर्षे, राहणार (गाव), ही अल्पवयीन असून ती (शाळेचे नाव) येथे (इयत्ता) मध्ये शिकत होती. तिचा विवाह (वराचे नाव व गाव) याच्याशी (तारीख) रोजी (ठिकाण) येथे किंवा अन्यत्र करण्याचे ठरले आहे. ही माहिती अर्जदारास (कशी व केव्हा) मिळाली. तरी प्रतिवादी क्रमांक १ ते (संख्या) यांना सदर विवाह कोणत्याही ठिकाणी लावण्यास, लावून घेण्यास किंवा त्यास साहाय्य करण्यास मनाई करावी आणि मुहूर्त जवळ असल्याने अंतरिम हुकूम त्वरित द्यावा.’

यात ‘कोणत्याही ठिकाणी’ हे शब्द वगळू नयेत. प्रतिवादींमध्ये केवळ आईवडिलांची नावे घालून थांबू नये. वर, वराचे आईवडील, लग्न जुळवणारा मध्यस्थ आणि ठाऊक असल्यास लग्न लावणारे भटजी, अय्या किंवा काझी यांचीही नावे असावीत. हुकूम मिळाल्यावर त्याची प्रत दोन्हीकडच्या पोलीस ठाण्यांत आणि ठरलेल्या मंगल कार्यालयात पोहोचवावी. कार्यालयाच्या व्यवस्थापकाच्या हाती न्यायालयाचा कागद पडला की पुढचे काम पुष्कळदा तोच करतो.

वकिलाचा खर्च हे अडून बसण्याचे कारण होऊ नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळते. तालुका न्यायालयांच्या आवारात विधी सेवा समिती असते, आणि राष्ट्रीय पातळीवरील हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

घरच्यांशी बोलताना

कायद्याचा धाक उपयोगी पडतो, पण पहिल्याच वाक्याला तो काढू नये. या भागात मुलगी मामाला किंवा आत्याच्या मुलाला देण्याची रीत आहे आणि ‘घरातल्या घरातच तर देतोय’ या भावनेमुळे वयाचा विचार मागे पडतो. कुठे उसाच्या फडावर किंवा विडीच्या कामावर जाणाऱ्या आईला वयात आलेली मुलगी दिवसभर एकटी ठेवण्याची भीती वाटते. ही भीती खोटी नाही; तिला हिणवून कोणाचे मन वळत नाही. मुलीला वसतिगृहात प्रवेश मिळेल का, बारावीपर्यंत शिकता येईल का, हे ठोस बोलणे अधिक चालते. शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून कर्नाटकातील मुलींना राज्यांतर्गत साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत झाला असल्याने, तालुक्याच्या गावी हायस्कूलला जाण्याचा खर्च हे कारण आता पूर्वीइतके राहिलेले नाही. घरी भाग्यलक्ष्मीचा, म्हणजे मुलींसाठीच्या कर्नाटक सरकारच्या योजनेचा, बाँड असेल तर तो काढून दाखवावा: १८ वर्षांपूर्वी लग्न केल्यास त्याचा लाभ मिळत नाही, आणि ही अट समजल्यावर घरातील आजीही विचारात पडते.

अक्षय तृतीयेला, म्हणजेच बसव जयंतीच्या दिवशी, होणाऱ्या सामुदायिक विवाहांकडे वेगळे लक्ष द्यावे. गर्दीत एखादे अल्पवयीन जोडपे सहज खपून जाते. त्या दिवसांत सामुदायिक बालविवाह रोखण्यासाठी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांनाच प्रतिबंधक अधिकारी मानले आहे; आयोजकांची यादी वेळेवर त्यांच्या कार्यालयात गेली तर तपासणी करता येते.

लग्न थांबल्यानंतर मुलीला घरी धोका असेल, तर ती बाल न्याय अधिनियमाप्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालक ठरते आणि तिला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. बालगृह हा शेवटचा पर्याय असावा. आजी, मावशी किंवा विश्वासातील अन्य नातेवाईक असतील तर मुलीने आणि तक्रारदाराने समितीपुढे त्यांची नावे सुचवावीत. रोखलेल्या लग्नाचा फोटो किंवा मुलीचे नाव व्हॉट्सॲपवर फिरवणे हा स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो, आणि त्यामुळे तिला पुन्हा शाळेत पाऊल टाकणे जड जाते.

लग्न होऊन गेले असेल तर

अशा वेळी ‘आता काय उपयोग’ असे म्हणून गप्प बसू नये. पत्नी १८ वर्षांखालील असेल तर तिच्याशी केलेला शरीरसंबंध हा बलात्कार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ रोजीच ठरवले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तीच वयोमर्यादा आहे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदाही लागू होतो, आणि तो धर्म पाहत नाही. मुलगी गर्भवती असल्यास ‘केस होईल’ या भीतीने तिला दवाखान्यात नेण्याचे टाळले जाते, तायी कार्ड (कर्नाटकात गर्भवतींना मिळणारे नोंदणी कार्ड) काढले जात नाही किंवा वय वाढवून सांगितले जाते. हे टाळणे तिच्या जिवावर बेतू शकते. डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते हे खरे, परंतु त्यासाठी उपचार नाकारता येत नाहीत, आणि खरे वय कळल्यावरच तिची योग्य काळजी घेता येते.

कर्नाटकात झालेला बालविवाह मुळातच अवैध असला, तरी पुढे कागदोपत्री अडचण नको म्हणून न्यायालयाकडून तसे घोषित करून घ्यावे आणि त्याच वेळी निर्वाहखर्च, राहण्याची सोय आणि मूल असल्यास त्याचा ताबा व हक्क यांची मागणीही वकिलाकरवी मांडावी. महाराष्ट्रात झालेला विवाह कलम ३ खाली रद्द करून घेता येतो. मुलगी अल्पवयीन असेल तर हा अर्ज पालक किंवा हितचिंतक आणि बालविवाह प्रतिबंधक अधिकारी यांच्यामार्फत केला जातो. सज्ञान झाल्यावर ती स्वतः करू शकते, मात्र सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे २० वर्षे पूर्ण होण्यापूर्वी. विवाह रद्द करताना न्यायालय दोन्ही बाजूंना लग्नात घेतलेले पैसे, दागिने आणि भेटवस्तू परत करण्याचा आदेश देते. हा अर्ज जिथे लग्न लागले तिथेच करावा लागतो, हा समज चुकीचा आहे. कलम ८ प्रमाणे अर्ज करतेवेळी मुलगी जिथे राहत असेल तेथील जिल्हा न्यायालयात किंवा कुटुंब न्यायालय असेल तिथे त्या न्यायालयात तो दाखल करता येतो. म्हणून कोल्हापूरला लग्न लावून दिलेली आणि माहेरी परत आलेली खानापूरची मुलगी आपला अर्ज बेळगावातच दाखल करू शकते.